अल्बर्ट पाइकची सही

१८५९ सालच्या सुरुवातीला वॉशिंग्टन शहरात एका मित्राच्या घरी शोकसभा भरली होती. आर्कान्सा राज्यातला नामांकित वकील आणि कवी अल्बर्ट पाइक वारल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती, मृत्युलेखही छापून झाले होते. बातमी खोटी होती. मित्रांनी तरीही सभा भरवली आणि खुद्द पाइकलाच तिथे आणून बसवलं. गाणी झाली, भाषणं झाली. सहा फुटांहून उंच, तीनशे पौंडांच्या घरातला, खांद्यावर केस रुळणारा तो माणूस स्वतःच्या मरणानिमित्तचा सोहळा स्वतः ऐकत होता. त्या रात्रीचा वृत्तांत पुढे पुस्तिकेच्या रूपात निघाला.

पाइक खरोखर वारला तो २ एप्रिल १८९१ रोजी. त्यानंतर त्याच्या नावावर एक नवंच आयुष्य सुरू झालं, आणि या वेळी खुलासा करायला तो हजर नव्हता. जगभरच्या सैतानपूजकांचा तो गुप्त धर्मगुरू होता म्हणे. तीन महायुद्धांचा आराखडा त्याने १८७१ मध्येच लिहून ठेवला होता म्हणे. हे सगळं आजही मोबाइलवरून हिंडत असतं. त्यातलं काहीही खरं नाही.

खरं आहे ते मला याहून कितीतरी थक्क करणारं वाटतं. या माणसाने १० जुलै १८६१ रोजी एका करारावर सही केली. ती तारीख अमेरिकेच्या एका जिवंत कायद्यात जशीच्या तशी छापलेली आहे, आणि त्या कायद्याच्या आधारे २०२५ मध्येही माणसांच्या नागरिकत्वाचे खटले लढवले गेले.

बॉस्टनचा मुलगा, आर्कान्साचा वकील

पाइकचा जन्म २९ डिसेंबर १८०९ रोजी बॉस्टनमध्ये झाला. वडील चांभारकाम करत. पोरगा इतका हुशार, की हार्वर्डची प्रवेशपरीक्षा तो लहान वयातच पास झाला. पण फी झेपण्यासारखी नव्हती, म्हणून कॉलेजचा नाद सोडून शाळामास्तर झाला आणि घरीच शिकत राहिला. १८३१ मध्ये तो पश्चिमेकडे निघाला. सेंट लुईस, मग व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर ताओस आणि सांता फे, मग सापळे लावणाऱ्या शिकाऱ्यांबरोबर टेक्ससच्या उजाड पठारावर. वाटेत घोडा उधळून पळाला आणि शेकडो मैल त्याला पायी तुडवावे लागले. १८३२ च्या अखेरीस तो आर्कान्साच्या सरहद्दीवर पोचला तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज त्याच्यापाशी फारसं काही नव्हतं.

तिथून पुढचा वेग चक्रावून टाकणारा आहे. टोपणनावाने लिहिलेल्या राजकीय पत्रांमुळे लिटल रॉकच्या वर्तमानपत्रात नोकरी मिळाली. दोनतीन वर्षांत तो त्या पत्राचा मालक झाला. १८३४ मध्ये प्रवासवर्णनं आणि कवितांचं पुस्तक आलं. १८३९ मध्ये त्याच्या ग्रीक देवतांवरच्या कविता एडिंबराच्या प्रतिष्ठित ‘ब्लॅकवूड्स’ मासिकाने छापल्या. कायदा तो स्वतःच वाचून शिकला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला निकाल-वृत्तांतकार झाला. १८४० मध्ये त्याने लिटल रॉकमध्ये पांढऱ्या खांबांचा मोठा वाडा बांधला. मेक्सिकोच्या युद्धात घोडदळाची तुकडी घेऊन तो फेब्रुवारी १८४७ मध्ये ब्वेना व्हिस्ताच्या लढाईत उतरला. परतल्यावर आपल्याच वरिष्ठांच्या नेतृत्वावर त्याने जाहीर टीका केली. त्यांपैकी एकाने द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. दोघांनी एकमेकांवर दोनदा गोळ्या झाडल्या, दोन्ही वेळा नेम चुकले, आणि मध्यस्थांनी प्रकरण मिटवलं.

आता या चरित्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. १८३० च्या दशकात अमेरिकी सरकारने आग्नेयेकडच्या क्रीक, चॉक्टॉ, चेरोकी वगैरे मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांना त्यांच्या जमिनीवरून उठवून मिसिसिपीपलीकडे हाकललं होतं. हजारो माणसं वाटेत मेली. त्या बदल्यात कबूल केलेला पैसा पुरता मिळाला नव्हता. हे दावे घेऊन वॉशिंग्टनमध्ये उभा राहिला तो अल्बर्ट पाइक. यशस्वी झाल्यास मोठी फी मिळणार होती हे खरं. पण सरकारने या राष्ट्रांना दिलेला शब्द मोडला, ही बाजू त्याने वर्षानुवर्षं अभ्यासपूर्वक मांडली. करार म्हणजे दोन राष्ट्रांमधलं वचन, आणि ते पाळलंच पाहिजे, हे त्याच्याइतक्या तळमळीने मांडणारे गोरे वकील त्या काळात थोडे होते.

आणि हाच माणूस गुलाम बाळगत होता. १८५८ मध्ये त्याने आणखी अकरा जणांबरोबर एका पत्रकावर सही केली: आर्कान्सातल्या स्वतंत्र काळ्या लोकांना राज्याबाहेर घालवा. गुलामांना नव्हे, स्वतंत्र असलेल्यांना. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने तसा कायदा केला: १ जानेवारी १८६० पर्यंत राज्य सोडा, नाहीतर गुलामगिरीत जा. वचनभंगाचं दुःख ज्याला क्रीक माणसाच्या बाबतीत स्पष्ट दिसत होतं, त्यालाच शेजारच्या काळ्या माणसाला घरातून उठवणं न्याय्य वाटत होतं. या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा नांदल्या, याचा विचार करताना मी दरवेळी अडखळतो. त्या विसंगतीला हलकं करणारं कुठलंही स्पष्टीकरण मला पटलेलं नाही.

१८६१ चे करार

१८६१ मध्ये दक्षिणेकडची गुलामगिरीवादी राज्यं अमेरिकेतून फुटली आणि त्यांनी कॉन्फेडरसी नावाचा वेगळा संघ केला. आजच्या ओक्लाहोमात तेव्हा या हाकललेल्या राष्ट्रांची इंडियन टेरिटरी होती, आणि ती कोणाच्या बाजूने जाते याला लष्करी महत्त्व होतं. तिथल्या राष्ट्रांचा विश्वास असलेला माणूस म्हणून दक्षिणेने पाइकलाच दूत म्हणून धाडलं. ‘डिक्सी’ या गाण्याला युद्धाचे नवे शब्द देऊन तो दक्षिणेच्या बाजूने उभा राहिला होता.

एका उन्हाळ्यात आणि शरदात त्याने नऊ करार केले. १० जुलैला क्रीक, १२ जुलैला चॉक्टॉ आणि चिकसॉ, १ ऑगस्टला सेमिनोल, त्यानंतर कोमांची, ओसेज आणि इतर, आणि ७ ऑक्टोबरला चेरोकी. करार उदार होते. जुनी देणी दक्षिण फेडणार होती, या राष्ट्रांचे प्रतिनिधी दक्षिणेच्या संसदेत बसणार होते, आणि त्यांच्या सैनिकांना त्यांच्या संमतीशिवाय टेरिटरीबाहेर लढायला नेलं जाणार नव्हतं. त्याच करारांत गुलामगिरीलाही मान्यता होती, कारण या राष्ट्रांमधल्या श्रीमंत घराण्यांकडेही काळे गुलाम होते.

सगळ्यांना हे मान्य नव्हतं. क्रीकांचा वृद्ध पुढारी ओपोथलेयाहोला याने दक्षिणेशी हातमिळवणी नाकारली. १८६१ च्या अखेरीस तो हजारो माणसं घेऊन उत्तरेकडे कॅन्ससला निघाला. त्यात क्रीक आणि सेमिनोल होते, तसेच काळे लोकही होते. दक्षिणेच्या फौजांनी त्यांच्यावर तीनदा हल्ले केले. बर्फातून जे कॅन्ससला पोचले त्यांतले कितीतरी तिथल्या छावण्यांत थंडीने आणि भुकेने मेले.

पाइकला ब्रिगेडियर जनरल करण्यात आलं, आणि करारातलं वचन सहा महिन्यांत मोडलं. मार्च १८६२ मध्ये त्याला चेरोकी पलटणी घेऊन आर्कान्सात पी रिजच्या लढाईत उतरण्याचा हुकूम आला. त्याच्या माणसांनी शत्रूच्या तोफा जिंकल्या. पण लढाईनंतर उत्तरेच्या काही सैनिकांच्या प्रेतांची डोक्याची कातडी सोललेली आढळली. पाइकने या कृत्याचा लेखी निषेध केला, तरी उत्तरेच्या वर्तमानपत्रांत तो राक्षस ठरला. दुसरीकडे मूळ रहिवाशांच्या पलटणींसाठी आलेला पैसा, कपडे आणि शस्त्रं दक्षिणेचेच अधिकारी परस्पर वळवू लागले. पाइकने त्यांच्याशी उघड भांडण मांडलं, जुलै १८६२ मध्ये राजीनामा दिला आणि कोणाचा दोष आहे हे सांगणारं पत्रकच त्या राष्ट्रांना उद्देशून छापलं. त्याच्या अटकेचे हुकूम निघाले. उत्तरेच्या दृष्टीने देशद्रोही आणि दक्षिणेच्या दृष्टीने बंडखोर, अशा अवस्थेत तो डोंगराळ भागात जाऊन राहिला. युद्धानंतर त्याला राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनकडून माफी मिळाली. पश्चात्तापाची खूण मात्र त्याच्या लेखनात सापडत नाही. मेम्फिसच्या वर्तमानपत्राचा संपादक म्हणून १८६८ मध्ये त्याने काळ्या लोकांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या गोऱ्यांची एक मोठी गुप्त संघटना हवी, असा पुरस्कार केला. काळ्या लोकांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅनमध्ये तो स्वतः होता असा पुरावा त्याच्या हयातीतला मिळत नाही. हे संपादकीय मात्र त्याचंच आहे.

सहीची किंमत पाइकने मोजली नाही. ती मोजली क्रीकांनी. जून १८६६ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांच्याशी नवा करार केला. त्याच्या प्रास्ताविकातच कारण दिलं आहे: तुम्ही १० जुलै १८६१ रोजी तथाकथित कॉन्फेडरसीशी करार केलात, म्हणून आधीच्या करारांतले सगळे लाभ गमावण्यास पात्र ठरलात. शिक्षा म्हणून देशाचा पश्चिमेकडचा अर्धा भाग काढून घेण्यात आला: ३२,५०,५६० एकर, एकरी ३० सेंट दराने. म्हणजे जवळजवळ आपल्या यवतमाळ जिल्ह्याएवढी भूमी. ओपोथलेयाहोलाबरोबर बर्फ तुडवून अमेरिकेशी इमान राखणाऱ्यांचाही वाटा त्यात गेला.

त्याच कराराच्या दुसऱ्या कलमात मात्र एक विलक्षण गोष्ट आली. मुक्त झालेले काळे लोक आणि त्यांचे वंशज यांना क्रीक राष्ट्रात जन्मजात नागरिकांचे सर्व हक्क मिळतील, असं वचन तिथे दिलं गेलं. गुलामगिरी टिकवण्यासाठी केलेल्या सहीतून, तिच्या पराभवानंतर, मुक्त माणसांच्या नागरिकत्वाचा कायदा उगवला.

ऋग्वेद वाचणारा जनरल

पाइक १८५० मध्ये फ्रीमेसन, म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या एका बंधुसंघाचा सदस्य, झाला होता. १८५९ मध्ये स्कॉटिश राइट या शाखेच्या दक्षिण विभागाचा तो प्रमुख झाला आणि मरेपर्यंत, ३२ वर्षं, प्रमुखच राहिला. त्याने त्या पंथाचे विधी जवळजवळ सगळे नव्याने लिहिले. १८७१ मध्ये ‘मॉरल्स अँड डॉग्मा’ हा ८६१ पानांचा ग्रंथ आला. यातला निम्मा मजकूर इतरांच्या ग्रंथांतून घेतला आहे, हे त्याने प्रस्तावनेतच सांगून टाकलं. पुढे सुमारे शंभर वर्षं हा ग्रंथ त्या विभागातल्या सदस्यांच्या हाती दिला जात होता.

याच काळात वॉशिंग्टनमध्ये बसून तो ऋग्वेदाकडे वळला. साठी ओलांडलेला पाइक युरोपीय विद्वानांची भाषांतरं समोर ठेवून अग्नी, इंद्र, वरुण यांच्यावर शेकडो पानं हाताने लिहीत होता. ती पानं त्याच्या मृत्यूनंतर, १९३० मध्ये पुस्तकरूपाने आली. वेदातले आर्य हे आपल्याच गोऱ्या वंशाचे थोर पूर्वज, अशा भावनेने तो ते वाचत होता.

इथे मराठी वाचकाला एक विलक्षण योग दिसेल. त्याच दशकात, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. आर्य बाहेरून आले ही कल्पना दोघांच्याही समोर होती. फुल्यांनी तिच्यात जिंकणाऱ्यांचा जुलूम वाचला आणि जिंकलेल्यांच्या बाजूने पुस्तक लिहिलं. पाइकने तिच्यात आपल्या वंशाचं वैभव वाचलं. ज्या युद्धात गुलामगिरी हरली म्हणून फुल्यांनी अमेरिकेला धन्यवाद दिले, त्या युद्धात पाइक गुलामगिरीच्या बाजूचा जनरल होता. दोघांना एकमेकांची नावं माहीत असण्याचं कारण नव्हतं. तरी एकोणिसाव्या शतकातला सर्वांत मोठा नैतिक वाद पुणे आणि वॉशिंग्टन इथे एकाच वेळी, एकाच साधनसामग्रीवर चालला होता, हे लक्षात आलं की अंगावर काटा येतो.

खोट्याचा कारखाना

मग सैतान आला कुठून? पॅरिसमधून. लिओ टॅक्सिल हे टोपणनाव घेतलेला मार्सेचा एक लेखक आधी चर्चची टिंगल करणारी पुस्तकं लिहीत असे. १८८४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी फ्रीमेसनांविरुद्ध कडक पत्रक काढलं. पाइकने त्याला उत्तरही दिलं. पुढच्या वर्षी टॅक्सिलने आपण पश्चात्ताप होऊन कॅथलिक झाल्याचं जाहीर केलं आणि फ्रीमेसनांची ‘रहस्यं’ छापायला सुरुवात केली. खुद्द पोपची भेटही त्याला मिळाली.

पाइक वारल्यावर या लेखनाला ऊत आला. १८९२ पासून हप्त्याहप्त्याने आलेल्या एका प्रचंड कादंबरीवजा ग्रंथात पाइकला सैतानपूजकांचा जागतिक प्रमुख केलं होतं. त्यात पियानो वाजवणारी मगर होती, आणि पाँडिचेरी व कलकत्त्यातले सैतानी विधीही होते. अज्ञात पूर्वेकडे काहीही घडू शकतं, या युरोपीय वाचकाच्या समजुतीवरच तो डोलारा उभा होता. १८९४ च्या एका फ्रेंच पुस्तकात, ल्युसिफर, म्हणजे सैतान, हाच देव असं सांगणारं पाइकचं ‘फर्मान’ छापलं गेलं. इंग्लंडमध्ये आर्थर वेट या लेखकाने १८९६ मध्येच यातल्या थापा एकेक करून उघड केल्या.

१९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भूगोल मंडळाच्या सभागृहात टॅक्सिल उभा राहिला आणि भरगच्च सभेला त्याने सांगितलं की बारा वर्षं आपण हे सगळं रचत होतो. सभेत गोंधळ माजला. इतका जाहीर कबुलीजबाब दुसऱ्या कुठल्या बनावाला क्वचितच लाभला असेल. तरीही ते ‘फर्मान’ आजतागायत पाइकच्या नावाने उद्धृत होत राहिलं आहे.

तीन महायुद्धांचं पत्र हे त्याचंच अपत्य. पाइकने १५ ऑगस्ट १८७१ रोजी इटलीच्या मॅझिनीला ते लिहिलं, असं सांगतात. १९५० च्या दशकात विल्यम गाय कार या लेखकाच्या पुस्तकाने ते जगभर नेलं. पत्र ब्रिटिश म्युझियममध्ये असल्याचा दावा होता. तिथे असं पत्रच नाही. त्या आराखड्याच्या प्रचलित वर्णनात नाझीवाद आणि झायोनिझम येतात. १८७१ मध्ये हे शब्दही जन्मले नव्हते.

पुतळा, वाडा आणि खटला

१९०१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये पाइकचा अकरा फुटी ब्राँझ पुतळा उभा राहिला. हातात पुस्तक, अंगावर नागरी वेश. उत्तरेच्या माजी सैनिकांनी विरोध केला होता. त्यांना सांगण्यात आलं की हा सन्मान लेखकाचा आणि मेसनचा आहे, जनरलचा नव्हे. १९ जून २०२० रोजी, गुलामगिरी संपल्याच्या स्मरणदिनी, निदर्शकांनी तो दोर लावून पाडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने तो पुन्हा बसवला. पुतळ्याच्या या दोन घटना जगभर बातम्या झाल्या.

लिटल रॉकच्या वाड्याची गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे. पुढे तो फ्लेचर कुटुंबाकडे गेला. १९५८ मध्ये काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र शिकू द्यावं लागू नये म्हणून गव्हर्नरने शहरातल्या हायस्कुलांना टाळं ठोकलं. तेव्हा अॅडॉल्फीन फ्लेचर टेरी या पंचाहत्तरीच्या बाईंनी याच वाड्यात गोऱ्या स्त्रियांची एक समिती उभी केली आणि शाळा उघडण्यासाठी शहर ढवळून काढलं. स्वतंत्र काळ्या लोकांना हद्दपार करा म्हणणाऱ्या माणसाने बांधलेल्या घराच्या खिडक्यांच्या काचांवर आज त्या स्त्रियांची नावं कोरलेली आहेत.

आणि खटले. पुतळा पडल्यानंतर वीसच दिवसांनी, ९ जुलै २०२० रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: पूर्व ओक्लाहोमातली क्रीकांची राखीव भूमी संसदेने कधीच रद्द केलेली नाही. टल्सा शहराचा बहुतेक भाग त्या हद्दीत येतो. तिच्या सीमा १८६६ च्या त्याच कराराने आखल्या होत्या. जुलै २०२५ मध्ये मस्कोगी (क्रीक) राष्ट्राच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कराराच्या दुसऱ्या कलमावर बोट ठेवलं आणि सांगितलं की काळ्या मुक्त माणसांच्या वंशजांना नागरिकत्व नाकारता येणार नाही. १९७९ च्या राज्यघटनेने रक्ताच्या नात्याची अट घालून त्यांना बाहेर ठेवलं होतं.

पाइकवर काल्पनिक पापं लादणाऱ्यांनी नकळत त्याच्यावर मोठा उपकार केला आहे: कागदोपत्री सिद्ध असलेल्या गोष्टींवरून लोकांची नजर हटवली. मगरीच्या पियानोपुढे १८५८ चं पत्रक फिकं वाटतं, आणि महायुद्धांच्या भाकितापुढे एका करारातलं कलम कंटाळवाणं. पण माणसं हद्दपार झाली ती त्या पत्रकाच्या विचाराने, जमीन गेली ती त्या सहीने, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी आपला हक्क परत मागायला वंशज न्यायालयात गेले तेव्हा त्यांच्या हाती होता तो १८६६ चा करार. अल्बर्ट पाइक कोण होता हे जाणून घ्यायचं असेल तर सुरुवात त्या कराराच्या पहिल्या परिच्छेदापासून करावी. त्याने काय केलं त्याची तारीख तिथे आहे, आणि पुढच्याच पानावर, त्याची इच्छा काहीही असली तरी, मुक्त झालेल्या काळ्या माणसांचं नागरिकत्वही आहे.